शेवटच्या घरचं दूध

पंगतीत वाढणारीनं शेवटी बसावं, ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही; पण ती मोडलेली कुणी पाहिलीही नाही. टाकळखेडीच्या धुरपताबाईनं ही रीत जेवणापुरतीच पाळली असती तर तिच्या डोक्यावर केव्हाच छप्पर आलं असतं. तिनं ती घरालाही लावली.

टाकळखेडी म्हणजे बोरीच्या अलीकडचं, ओढ्याकाठचं गाव. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचं. तोवर मागं राहिलेल्या घरांची भिंत ढासळे, माळवद खचे, आणि परत आलेली बाई आधी ढेकळं उचले, मग चूल पेटवी. एका साली अशीच ढेकळं उचलता उचलता धुरपताबाई शेजारणींना म्हणाली, "अवसंला बैलाला औत न्हाई. गडी पारावर बसतेत. आपल्यालाच तेवढी सुट्टी न्हाई. मग अशी अवस एकीच्या घरी राबून काढली तर? समद्या मिळून एकीची भिंत उचलू. पुढल्या अवसंला तीच. ते घर झालं की दुसरीचं."

बायांना पटलं. नवऱ्यांनाही पटलं, कारण त्यांना पारावरून उठावं लागणार नव्हतं. तुळयांसाठी आठवड्याच्या बाजारात जी ती पदराच्या गाठीतलं सोडी. बाकी सगळं अंगमेहनतीचं. माती कालवायची, पाणी वाहायचं, तरवडाचा पाला पसरायचा, वर पांढऱ्या मातीचा थर चोपायचा. लोक या मंडळीला मातीची सोसायटी म्हणू लागले.

सुरुवातीलाच बाया गावच्या खंडोबाच्या देवळात गेल्या आणि बेलभंडार उचलून शपथ घेतली. बोलली धुरपताच. कोणतंही व्रत घेताना त्याचं उद्यापन आधी ठरवायचं असतं, हे तिला आईनं शिकवलं होतं. उद्यापनाशिवाय व्रत म्हणजे गाठ न मारता शिवलेलं गोधडं. ती म्हणाली, "घर झालं का न्हाई ते गवंडी न्हाई सांगायचा. नव्या चुलीवर दूध उतू गेलं की घर झालं. आन् शेवटल्या बाईच्या घरी दूध उतू गेलं की सोसायटीचं उद्यापन. उरलंसुरलं वाटून टाकायचं, घरात ठिवायचं न्हाई."

"शेवटली कोण?" कडूबाईनं विचारलं. कडूबाईचं नाव ठेवणाऱ्याची दृष्टी दूरची असावी. तिच्या जिभेला ते पुरेपूर शोभायचं.

"वाढणारी शेवटीच बसती माय," धुरपता म्हणाली.

पहिलं घर झालं कमलबाईचं. तिचा नवरा बन्सीधर तेव्हा नुकताच भावांतून वेगळा निघाला होता. वाटणीत त्याला तीन भिंती आल्या होत्या, छप्पर थोरल्याकडे गेलं होतं. बायांनी चौथी भिंत उभारली, माळवद टाकलं. धुरपतानं आपल्या हातानं त्या चुलीवर दूध उतू घातलं. बन्सीधरनं त्या दिवशी डोळ्याला उपरणं लावलं होतं. धुरामुळे, असं तो नंतर सांगे.

धुरपता आणि तिचा नवरा आश्रुबा हे थोरल्या दिराच्या गोठ्यात, एका बाजूला तट्ट्या लावून राहायचे. आश्रुबा फार बोलणारा माणूस नव्हता. "हं" हा त्याचा होकार, "हं हं" हा नकार. धुरपताचा नेम होता गोपद्मांचा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज पहाटे दारापुढं शेणानं सारवून गाईची पावलं रांगोळीनं काढायची, हळदकुंकू वाहायचं. पाच वर्षं करायचं आणि पाचव्या वर्षी द्वादशीला उद्यापन, स्वतःच्या उंबऱ्यापुढं. पण गोठ्याला कसला उंबरा? ती रांगोळी काढून वळते न वळते तोच दिराची कपिला गाय बाहेर निघे आणि त्या पावलांवर आपली खरी पावलं टाकत निघून जाई.

"देवाचं बरंय," जाऊ हसायची. "काढणारी बी तूच, मोडणारी बी आमचीच."

"मोडली कुठं?" धुरपता म्हणायची. "पक्की केली."

चार वर्षं अशी गेली. घरं एकामागून एक होत गेली. मधेच अडचण आली तुळयांची. वनखात्याकडून सवलतीत लाकूड मिळेल, पण संस्था नोंदलेली पाहिजे, असं कुणी सांगितलं. नोंदणीला सही करणारा, परभणीला चकरा मारणारा माणूस हवा. बन्सीधर म्हणाला, मी आहे की. बाया म्हणाल्या, बरं झालं बापू. अशा रीतीनं बन्सीधरचे बन्सीधरराव झाले, आणि सोसायटीला अध्यक्ष आला.

अध्यक्ष आला की बसायला जागा लागते. "समद्यांना घर, आन् संस्थाच उघड्यावर?" बन्सीधररावांनी विचारलं. बायांना ते खरं वाटलं. धुरपताच्या आधी संस्थेचं घर झालं. त्याला नुसती खोली म्हणवेना, म्हणून सभागृह झालं. सभागृहाला ओसरी झाली. ओसरीला लाकडी खांब लागले. ते धुरपताच्या तुळयांतूनच निघाले. धुरपताची जागा शेजारीच होती. तिच्या भिंती छातीइतक्या झाल्या आणि थांबल्या. "पुढल्या अवसंला," बन्सीधरराव म्हणाले. मग त्याच्या पुढल्या. त्या घरापुरती अवस कॅलेंडरातून निघून गेली असावी.

पाचव्या वर्षीच्या उन्हाळ्यात बन्सीधरराव परभणीला सहकाराच्या प्रशिक्षणाला गेले. परतताना एसटी स्टँडावर चहा घेतानाही त्यांना गप्प बसवेना, असं सोबतच्यांनी सांगितलं. सभागृहात बायांना बोलावणं आलं. बाया शेतातून पाय झटकत आल्या आणि सतरंजीच्या कडेला बसल्या. मधोमध कधी बसायचं नसतं, ते सभ्य माणसांसाठी असतं.

"विलायतेत बी आपल्यावानी गोरगरीब व्हते," बन्सीधरराव उभ्यानं सांगू लागले. "त्यांना घरं न्हवती. मग ते एका गुत्त्यात जमले, समद्यांनी मिळून वर्गणी काढली, आन् पाळीपाळीनं एकेकाचं घर बांधलं."

"गुत्त्यात?" कडूबाई म्हणाली. "मंग आपून देवळात बसलो तितंच चुकलं."

"ऐक तर. शेवटल्याचं घर झालं की मंडळी मोडायची, असाच त्यांचा बी कायदा. मंग एक शहाणा निघाला. म्हणला, मोडायची कशापायी? चालू ठिवा. चालू ठिवली. तिच्यात लोक येत ऱ्हायले, पिढ्यान् पिढ्या गेल्या, आन् आता ह्या साली तिची बँक झाली. बँक! साऱ्या मुलखात शाखा. काचंची दारं, ढकललं की उघडतेत."

बाया ऐकत होत्या. काचेच्या दाराला कडी कुठं लावत असतील, याचा काहीजणी विचार करत होत्या.

"बापू, येक इचारू का?" धुरपतानं पदर सावरत हळूच म्हटलं.

"इचार की."

"त्या शेवटल्या माणसाचं घर झालं का?"

बन्सीधरराव तांब्यातलं पाणी घटाघटा प्याले. "ते प्रशिक्षणात न्हाई सांगितलं," ते म्हणाले.

टाकळखेडीची बँक होणार हे ठरलं. अडचण एकच होती. बँकेची परवानगी ही चालू सोसायटीला मिळणार होती. सोसायटी मोडली तर बँक कशाची? आणि धुरपताच्या चुलीवर दूध उतू गेलं की सोसायटी मोडणार होती, खंडोबाच्या साक्षीनं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बायकांची शपथ ती, कायद्यात तिला काय किंमत. पण बन्सीधररावांचं कुळदैवत खंडोबा. त्यांच्या चुलत्यानं एकदा बेलभंडार उचलून बांधाबाबत खोटं सांगितलं होतं आणि महिन्याच्या आत त्याचा बैल मेला होता. बैल अठरा वर्षांचा होता, हे खरं. तरी कुणी धोका पत्करत नसतं. तेव्हा शपथ मोडायची नाही आणि पुरीही होऊ द्यायची नाही, असा मधला मार्ग अध्यक्षांनी काढला. देवाशी असा व्यवहार करणारे ते पहिले नव्हेत. आपण सगळेच एकादशीला साबुदाणा खातो.

धुरपताचा मान मात्र वाढत चालला. तिला शाल मिळाली. तिचा फोटो काढून सभागृहात लावला, खाली लिहिलं 'संस्थापिका'. फोटोला हार घातला. जिवंत माणसाच्या फोटोला हार बघून आश्रुबा त्या दिवशी "हं हं" म्हणाला. बँकेच्या संचालक मंडळावर तिला घेण्याचं ठरलं. खुर्ची आली, हातांची.

"बापू, मला खुरची नगं," धुरपता म्हणाली. "तुळया द्या. कार्तिकी पौर्णिमंला तोडीवर न्यायला मुकादमाचा ट्रक हाय. त्याच्या आत द्वादशीला माझं उद्यापन हाय. पाच सालाचा नेम हाय बघा. उंबऱ्यापुढं व्हाया पायजे."

"घर सोडून काय बी माग," बन्सीधरराव कळवळून म्हणाले. "अगं, तू हायेस म्हणून संस्था हाय. तुझं घर झालं की समदं संपलं. तू आमचा पाया हायेस."

"पायाच म्हणावं लागंल," कडूबाई म्हणाली. "जमिनीतच गाडलीय की."

बँकेची पाटी परभणीहून रंगवून आली. चांगली जाड सागवानी फळ्यांची, माणसाच्या उंचीहून लांब. तीवर फक्त 'सहकारी बँक मर्यादित' एवढंच लिहिलेलं होतं; त्याच्या आधीची जागा कोरी. त्या वर्षांत मराठवाड्यात नावाचा प्रश्न साधा नव्हता. विद्यापीठाच्या नावापायी वस्त्या जळाल्या होत्या, माणसं गेली होती, आणि ती राख अजून गार झाली नव्हती. बन्सीधररावांनी सभेत अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की सामाजिक सलोख्यासाठी नाव तूर्त कोरं ठेवत आहोत. खरी गोष्ट अशी होती की त्यांना स्वतःच्या वडिलांचं नाव द्यायचं होतं, आणि उपाध्यक्षांना त्यांच्या. मोठ्या दुःखाच्या आडोशाला उभं राहून आपली छत्री वाळवणारी माणसं सगळीकडे असतात.

आषाढी आली. धुरपतानं पाचव्या वर्षीची पावलं काढायला सुरुवात केली. या खेपेला ती गोठ्यापुढं काढीना; पहाटे उठून आपल्या छातीइतक्या भिंतींपाशी जाई, जिथं उंबरा व्हायचा होता तिथं सारवी आणि रांगोळी घाली. कपिलेला तिथवर यायचं कारण नव्हतं. पावसानं पुसे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काढी. कुणाला काही म्हणत नव्हती. पण पाण्याला जाणाऱ्या बाया रोज ते बघत होत्या, आणि ज्यांच्या डोक्यावर तिच्याच हातचं माळवद होतं त्या तिथं घागर टेकवून थांबू लागल्या.

भाद्रपदाच्या अवसेला कडूबाई आपलं घमेलं घेऊन आली. मागून बाकीच्या. कुणी आपल्या गोठ्याची तुळई काढून आणली, कुणी बाभळीचं खोड. आश्रुबानं कुणी न सांगताच आपल्या बैलगाडीचा जुना साटा मोडून वर घातला. दसऱ्यापर्यंत भिंती पुऱ्या झाल्या आणि दिवाळीच्या अवसेला माळवदावर पांढरी माती पडली. फक्त दाराची फळी नव्हती. चौकट होती, दार नव्हतं.

बन्सीधरराव येऊन बघून गेले. माळवदाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हसले.

"झकास केलं. घर म्हंजे काय, नुसत्या भिंती अन् माती. दूध उतू जाईल तवा खरं. न्हाई का?"

बँकेच्या उद्घाटनाचा मुहूर्त निघाला तो कार्तिक द्वादशीचाच. देव उठल्याशिवाय शुभकार्य नाही, आणि जिल्ह्याहून येणाऱ्या पाहुण्यांना नंतर वेळ नाही. पाहुण्यांना बासुंदी-पुरीचं जेवण. त्यासाठी अध्यक्षांनी फर्मान काढलं: द्वादशीच्या सकाळचं गावातलं सगळं दूध बँकेकडे. ज्याच्या घरी दुभतं त्यानं थेंबभरही मागं ठेवायचं नाही. कर्जाच्या पहिल्या यादीत त्याचं नाव. दुधाच्या डेऱ्याच्या तोंडाशी माणूस उभा केला. सकाळी धुरपता हातात पितळी गंज घेऊन घराघरांतून फिरली. लोक खाली बघत होते. दिराच्या गोठ्यात गेली तर जाऊ म्हणाली, "आत्ताच घेऊन गेले गं. वासराच्या तोंडातलं बी काढलं." धुरपतानं कपिलेच्या पाठीवरून हात फिरवला आणि रिकामा गंज घेऊन परतली. उपाशी होती, आदल्या दिवशीची एकादशी, आणि आज पारणं उद्यापनानंतर.

घरात नवी चूल सारवून तयार होती. उंबऱ्यापुढं अखेरची गोपद्मं. ती चुलीपाशी बसली. बाकीच्या बाया भिंतीला टेकून. 

शेजारी, सभागृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत, मोठ्या चुलाणावर बासुंदीची कढई चढली होती. कढईपाशी बन्सीधररावांची कमलबाई. बासुंदी तिच्या हातची. पंचक्रोशीत असं म्हणायचे की कमलबाईच्या चुलीवरचं दूध वर येतं, तिला बघतं आणि खाली बसतं. उभ्या जन्मात तिनं दूध उतू जाऊ दिलं नव्हतं. वारा सुटला होता. चुलाणाचा जाळ एका अंगाला पळायचा, धूर ओसरीत शिरायचा. ओसरीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि आलेले दोन-चार मोठे लोक डोळे पुसत होते.

बन्सीधरराव धावत आले. नव्या कोशाच्या फेट्याखाली कपाळ घामेजलेलं. "ऐकलं का? पाव्हणे डोळे चोळायलेत. धूर लय व्हायलाय."

"मंग मी काय वाऱ्याला धरू?" कमलबाई म्हणाली. "आडोसा पायजे. हितं दूध लागंल, मंग खाय घाला जळकी बासुंदी तुमच्या सायबाला."

"मंग जा की आडोशाला. कुठंबी आटव. पन बारा वाजायच्या आत जेवण पायजे."

"कुठंबी?"

"कुठंबी म्हणलं ना. माझं भाषण ऱ्हायलंय पाठ करायचं."

कमलबाईनं पदर खोचला आणि दोन गड्यांना हाक मारली. कढई उचलली आणि पन्नास पावलांवरच्या आडोशाला नेली. आडोसा म्हणजे धुरपताचं घर. तीन दगडांच्या नव्या चुलीवर ती कढई बसेना, तेव्हा कमलबाईनं दोन विटा लावल्या, कढई दुधानं वरपर्यंत भरून घेतली, आणि जाळ घातला. भिंतीला टेकलेल्या बाया सरळ झाल्या.

"कमल," धुरपता घाबरून म्हणाली, "माय, हे बँकंचं दूध हाय. मी न्हाई हात लावायची."

"तू कशाला लावतीस? मी आटवायले. तू बस." कमलबाई पळी फिरवत होती. दुधावर साय धरली, कडेनं बुडबुडे आले. "माझ्या घरी पहिलं दूध तू उतू घातलंस. आठवतंय का? तवा हे डोळ्याला उपरनं लावून रडले व्हते. मला म्हणले, ही बाई माझी बहीण हाय." तिनं लाकूड पुढं सारलं, जाळ वाढवला. दूध फुगून वर येऊ लागलं. कमलबाईनं पळी धुरपताच्या हाती न देता जमिनीवर ठेवली, पाठ फिरवली आणि दाराच्या रिकाम्या चौकटीतून बाहेर बघू लागली. "अगं, पाव्हणे आले का बघा कुणी," ती म्हणाली.

चुर्र झालं. पांढरा लोट कढईच्या काठावरून विटांवर, विटांवरून राखेत, राखेतून सारवलेल्या जमिनीवर गेला. घरभर जळक्या सायीचा वास सुटला. धुरपतानं दोन्ही हात जोडले, आणि मग ते तसेच तोंडावर धरले.

ओसरीत बन्सीधरराव भाषण घोकत होते. "बंधूंनो, विलायतेतल्या गोरगरिबांनी..." एवढ्यात कडूबाई तिथं जाऊन उभी राहिली. आवाज चढवायची तिला गरज नव्हती.

"बापू, उतू गेलं."

बन्सीधरराव भाषण हातात घेऊनच आले. चुलीकडं बघितलं, दुधाच्या ओघळाकडं बघितलं, बायकोच्या पाठीकडं बघितलं.

"हे बँकंचं दूध हाय," ते म्हणाले.

"बेलभंडार उचलताना दूध कुणाचं ते म्हणलंच न्हवतं," कडूबाई म्हणाली. "चूल कुणाची ते म्हणलं व्हतं."

"आन् हितं आटवायला तुमीच सांगितलं," कमलबाई पाठमोरीच म्हणाली. "कुठंबी म्हणले."

 बन्सीधररावांचा हात नकळत गळ्याकडं गेला. तिथं खंडोबाचा टाक होता. त्यांच्याही गोठ्यात बैल होते, आणि ते अठरा वर्षांचे नव्हते.

जिल्ह्याचे पाहुणे आले तेव्हा टाकळखेडीत बँक नव्हती, उद्यापन होतं. त्यांना काही कळलं नाही. अशा लोकांना फीत आणि जेवण मिळालं की फरक पडत नाही. कुणीतरी सुतळी आडवी धरली, ती त्यांनी कापली, आणि धुरपताच्या घराचं उद्घाटन झालं. सहकारावर ते चांगलं बोलले. उंबऱ्यापुढच्या गोपद्मांवरून चालत आत गेले, तेव्हा जाऊ धुरपताच्या कानात म्हणाली, "हे बी मोडून गेले बघ." धुरपता पुऱ्या घेऊन पंगतीकडं वळली.

उरलंसुरलं वाटायचं होतं, घरात ठेवायचं नव्हतं. सतरंजी एकीनं नेली, घड्याळ दुसरीनं, हातांची खुर्ची कडूबाईनं. ती तिच्यावर बसून शेंगा फोडायची. ओसरीचे खांब मात्र बायांनी तसेच ठेवले, नाहीतर माळवद बन्सीधररावांच्या डोक्यावर आलं असतं, आणि कमलबाईचं कुंकू सगळ्यांनाच प्यारं होतं. पाटी राहिली. तिची लांबी-रुंदी आश्रुबानं वितीनं मापली, चौकट मापली, आणि "हं" म्हणाला.

पुढच्या साली बन्सीधररावांनी तालुक्याला दुसरी बँक काढली. तिच्यात बाया नव्हत्या, बेलभंडार नव्हता, काचेचं दार होतं. ती चांगली चालली म्हणतात. टाकळखेडीत मात्र एखादा परगावचा माणूस अजून धुरपताच्या दाराशी थांबतो. 'सहकारी बँक मर्यादित' आडवं लिहिलेलं दार उभं बसवल्यानं त्याला मान वाकडी करून वाचावं लागतं. कोऱ्या जागेवर, जिथं कुणाच्या तरी वडिलांचं नाव यायचं होतं, तिथं हळदीकुंकवाची बोटं उमटलेली असतात.

उद्यापनाच्या त्या दिवशी पंगती उठत गेल्या. धुरपता पुऱ्या वाढत होती, पाणी देत होती, कुणाला काय हवं नको बघत होती. पाहुणे जेवले, गडी जेवले, बाया जेवल्या. शेवटी ती आणि कमलबाई उरल्या. पुऱ्या दोनच होत्या. कढईत बासुंदी नव्हती.

"बस आता," कमलबाई म्हणाली.

"तू?"

"मी वाढते. मी तुझ्यामागून."

कमलबाईनं कढई आडवी केली, उलथनं घेतलं आणि बुडाशी धरलेली खरवड सोलून काढू लागली. तांबूस, जाड, तुपानं ओली. साखर सगळी तिथंच बसली होती. पहिल्या पंगतीला ती कधी मिळत नाही.

बाहेर कपिला सुटून आली होती आणि उंबऱ्याशी उभी राहून आत बघत होती. धुरपतानं पहिला घास बाजूला काढला, उठली आणि गाईला दिला. मग आपल्या घरात, आपल्या भिंतीला टेकून, जेवायला बसली.